सकाळी बाबांचा बाप्तिस्मा, संध्याकाळी भावाचं लग्न

पूर्णाकाठ

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचं लग्न झालं. त्याच दिवशी सकाळी बाबांचा बाप्तिस्मा झाला. बाबा ६१ वर्षांचे आहेत. "म्हणजे बाबा आधी ख्रिस्ती नव्हते का?" हे इतक्या जणांनी विचारलं की एकदाच सगळं लिहून टाकते. पुढच्याला लिंक देता येईल.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. ख्रिस्ती घरं १४, त्यातली नऊ आमच्याच भावकीची. त्यामुळे मंडळी (चर्चचा समुदाय) कुठे संपते आणि खानदान कुठे सुरू होतं हे सांगणं कठीण. पणजोबा १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात वाढलेले, तिथून सुतारकाम शिकून या गावात आले. चर्च म्हणजे जाड भिंतींची लांबट खोली. वर पूर्वी कौलं होती, आता टिनं आहेत. उन्हाळ्यात टिनं तापली की प्रवचन आपोआप आखूड होतं, एवढाच त्यांचा फायदा.

आमची मंडळी 'बुडवणारी'. लहान लेकराचं फक्त अर्पण होतं, पाळक (चर्चचे धर्मगुरू) त्याला हातात घेऊन प्रार्थना करतात. बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतः मागून घ्यायचा आणि तोही पुरता पाण्याखाली जाऊन. त्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपला विश्वास आपल्या तोंडानं सांगायचा. बाबांचं इथेच अडलं. बाबा बोलताना अडखळतात. पेटीवर बसले की अख्खं भजन म्हणतील, एक अक्षर अडणार नाही. पण चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की घामाघूम. मग "यंदा कापूस निघू दे", मग "तूर घरात येऊ दे", मग "पोरीचं लगन होऊ दे". ती पोरगी मी. माझ्या लग्नाला ११ वर्षं झाली.

बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीची भाकर, नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं तबक रांगेतून फिरायचं आणि बाबा ते न बघता शेजारच्या काकाजींकडे सरकवायचे. दर रविवारी पेटी त्यांची, कापणीच्या सणाला भोपळ्या-कणसांचा लिलाव पुकारायला चुलते आणि हिशेब लिहायला बाबा, चर्चची किल्ली आमच्याच घरी. पण तबक आलं की सरकवायचं. लहानपणी मला वाटायचं बाबांना ती भाकर आवडत नाही.

साखरपुड्याला विषय निघाला. वहिनीचं माहेर पुसदकडचं, आणि ती मंडळी 'शिंपडणारी', म्हणजे बाळपणीच डोक्यावर पाणी. व्याह्यांनी साध्या मनानं सुचवलं की लग्नाच्या उपासनेत प्रभुभोजन ठेवू, नवरा-नवरी आणि दोन्हीकडचे आईबाप एकत्र घेतील. सगळे "हो हो" म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं तर ते चहाच्या कपात बघत होते. रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मंग तेच्या आंधी ते उरकून घेऊ." त्या 'ते'ची आईनं चाळीस वर्षं वाट पाहिली होती. ती काही बोलली नाही, उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

आता पाण्याची गोष्ट. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला जो सपाट काळ्या मातीचा पट्टा आहे तो खारपाणपट्टा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी लागतं पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी शहानूर धरणावरच्या योजनेतून नळाला येतं, तेही रोज नाही. अशा गावात ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, ४४ अंशांत, माणूस बुडेल एवढं पाणी आणि पाचशे पानांचा स्वयंपाक.

पूर्णेत तेव्हा डबकी उरली होती. चुलतभावाचं शेततळं भरलेलं होतं, पण त्याला खाली प्लास्टिकचा कागद असतो. उतार निसरडा, पाय ठरत नाही, शेततळ्यात माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पाळकांनी साफ नकार दिला. उरला बोअरजवळचा सिमेंटचा हौद, कपाशीवर फवारायचे पंप भरायला बांधलेला. भावांनी दोन दिवस तो घासला, तीनदा भरला, तीनदा उपसला. लग्नाच्या चार दिवस आधी नवरदेव हातात ब्रश घेऊन हौदात, असा फोटो आहे, टाकणार नाही.

मोठ्या आईचं म्हणणं, हौदात टँकरचं गोडं पाणी टाका, शुभ काम आहे. आचारी म्हणाला, "मंग वरण कायच्यात शिजवू?" टँकर एकच मिळाला होता, पाच हजार लिटरचा. दोन्ही बाजू तापल्या. बाबांनी निकाल दिला, "खारंच चालते."

सकाळी साडेसहाला सगळे हौदाभोवती. मंडळीच नाही, अर्धं गाव. शेजारच्या बौद्ध वाड्यातल्या मावशा, बाबांबरोबर बैलबाजाराला जाणारे दोघं, टँकरवालासुद्धा थांबला. बाबा पांढऱ्या कुडत्या-पायजाम्यात उभे. साक्ष द्यायची वेळ आली. बराच वेळ काहीच नाही. ओठ हलत होते. पाळक मदतीला पुढे सरकले तर बाबांनी हातानं थांबवलं. मग म्हणाले, "मी इथंच होतो. आता सांगून राह्यलो."

संपली साक्ष.

पाण्यातून वर आले तेव्हा पहिला शब्द "हालेलूया" निघेल असं लहान पोरांना वाटलं असावं. बाबा थुंकले आणि म्हणाले, "लय खारं हाये बुवा." पाळकही कंबरेपर्यंत पाण्यात होते, ते म्हणाले, "यार्देन शेवटी मृत समुद्रालाच मिळते, काकाजी." यार्देन म्हणजे येशूचा बाप्तिस्मा झाला ती नदी.

संध्याकाळचं लग्न पाचचं. वहिनीच्या गावचं चर्च दुरुस्तीला काढलेलं म्हणून लग्न आमच्याकडे. वऱ्हाडाची बस वाटेत पंक्चर, सहा वाजून दहा मिनिटांनी गावात. ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यातच लागावं लागतं. पाळक दारात घड्याळ बघत उभे. नवरीला पाण्याचा ग्लाससुद्धा उभ्या उभ्या दिला. त्यांनी क्रमच फिरवला, आधी शपथा, अंगठ्या, वहीत सह्या, आणि प्रवचन, प्रभुभोजन नंतर. शेवटच्या साक्षीदाराची सही झाली तेव्हा सातला आठ मिनिटं कमी होती. बँडवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं सही झाल्या झाल्या वाजवायला सुरुवात केली आणि पुढचं प्रवचन थोडं लांबलं.

जेवण साधं. आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. मटण दुसऱ्या दिवशी, घरच्यांपुरतं, कारण पंगतीत माळकरी पुष्कळ.

तुमच्याकडे असं दोन्ही एका दिवशी झालंय का? आत्याबाईंचं अजून म्हणणं आहे की घाई झाली, बाप्तिस्म्याचा दिवस वेगळा हवा होता.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, लय भारी लिवलं. आमच्या गावात बी आठ-धा घरं हायेत तुमच्या लोकायची. तेच्यात एक सांगतो, तुमच्या लग्नाले मुहूर्त नसते हे आमच्यासाठी बेस असते. अक्षय तृतीयेले एका दिवसात सात लग्नं, कोणाच्या पंगतीत बसावं अन् कोणाचा आहेर चुकवावा समजत नाई. तुमचं लगन बिनमुहूर्ताच्या दिवशी, मंडपवाला रिकामा, बँडवाला रिकामा, अन् आमी बी रिकामे. माह्या बापानं एकदा ईचारलंतं, "काहून रे, आज तं पंचांगात काईच नाई, अन् हे पोट्टे नाचून राह्यले?"

पूर्णाकाठ

@वऱ्हाडी_ठेचा, अगदी! मंडपवाल्यानं खरंच कमी घेतले. मुहूर्त नसतो पण मोकळीक असते असं मात्र नाही. ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस लग्न नाही. पावसाळ्यात शेतकऱ्याला सवड नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणी. म्हणजे फिरून फिरून एप्रिल-मे. पंचांग नसलं तरी ऊन आहेच.

एक_प्रवासी

लेख हृद्य आहे पण एक खटकलं. लग्नात प्रभुभोजन घेता यावं म्हणून बाप्तिस्मा? बाप्तिस्मा हा पश्चात्तापाचा आणि नव्या जन्माचा विधी आहे, समारंभाची पूर्वतयारी नव्हे. तुमच्या पाळकांनी बाबांना निदान सहा महिने शिकवणीला बसवायला हवं होतं.

पूर्णाकाठ

शिकवणी झाली. पाळक सहा आठवडे रोज रात्री येत होते. पहिल्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि तिसऱ्या प्रश्नाला वही मिटली. बाबांना बायबल उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं येतं, चाळीस वर्षं शेवटच्या बाकावरून ऐकलंय. उरलेले दिवस दोघं कपाशीच्या बोंडअळीवर बोलत बसायचे. त्यातही काही शिकवण झाली असेल.

निमित्त लग्नाचं होतं हे मी लपवलेलं नाही. निमित्त लागतं माणसाला.

नागपुरी_संत्रा

'बुडवणारे' आणि 'शिंपडणारे' वाचून हसलो. आमच्या घरी दोन्ही आहेत. आई शिंपडलेली, वडील बुडवलेले. यावर एक नागपूरची गोष्ट आठवते. २९ नोव्हेंबर १९७० ला आमच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं. त्यांत अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरेचे बाळांना पाणी शिंपडणारे होते, तसे बॅप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणजे कळत्या वयात बुडवणारेही होते. या एका मुद्द्यावर एकीची बोलणी वर्षानुवर्षं चालली. शेवटी दोन्ही पद्धती मान्य, ज्याला जी हवी ती, असं ठरलं. बाळाला पाणी लागलं असेल तर मोठेपणी दृढीकरण (तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), नसेल तर कळत्या वयात बाप्तिस्मा. माझे आजोबा त्या दिवशी गर्दीत होते. त्यांना विधींपेक्षा जेवणाची रांग जास्त लक्षात राहिली होती.

तुमच्या वहिनीला कोणी "परत बुडून घे" म्हणालं नाही ना? असे प्रकार मी बघितलेत. लग्न मोडायला आलेलं.

पूर्णाकाठ

म्हणणारे होते, नाव घेत नाही, जवळचेच. पाळक म्हणाले, तिचा एकदा झालाय, पुरे. बाबा तेव्हा नुकतेच हौदातून निघालेले, अंगाला टॉवेल. ते म्हणाले, "तिले कायले खाऱ्या पाण्यात घालता?" विषय संपला.

वसईचा_दर्या

आम्ही कॅथलिक, त्यामुळे बाप्तिस्मा बाळपणीच. पण लग्न आणि बाप्तिस्मा यांचा संबंध आमच्याकडे कागदावर फार घट्ट असतो. लग्न ठरलं की ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथून नवा दाखला काढायचा, घरातला जुना, पिवळा पडलेला चालत नाही. कारण लग्न झालं की त्याची नोंद त्याच बाप्तिस्म्याच्या वहीत, त्या माणसाच्या नावापुढे केली जाते. नवा दाखला बघितला की हा माणूस आधी विवाहित नाही हे कळतं. माझ्या आजीचं नाव, तिच्या बाप्तिस्म्याची तारीख आणि पुढे वेगळ्या शाईत आजोबांचं नाव, हे सगळं एका ओळीत आहे. मी वहीवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो, फादर म्हणाले, "बाबा, वही बंद करायचीय."

तुमच्या बाबांची नोंद कुठल्या वहीत झाली?

पूर्णाकाठ

मंडळीची वही आहे, जाड पुठ्ठ्याची, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. गंमत म्हणजे ती वही गेली कित्येक वर्षं बाबाच लिहितात, अक्षर चांगलं म्हणून. स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं. लग्नाची वही मात्र वेगळी असते, ती पाळकांनी भरली.

सदाफुली

मी पुण्याची, माझ्या फार ख्रिस्ती ओळखी नाहीत, म्हणून विचारते, चूक असेल तर सांगा. तुमच्याकडे हळद असते का? अक्षता? मंगळसूत्र?

पूर्णाकाठ

चूक काही नाही. हळद असते आणि दणक्यात असते. आदल्या संध्याकाळी प्रार्थना, मग हळद, मग रात्री उशिरापर्यंत भजनं. मोझरी आमच्यापासून फार लांब नाही, तुकडोजी महाराजांची खंजिरी या भागातल्या सगळ्यांच्या कानात बसलेली. आमच्या भजनांनाही खंजिरी लागते, शेजारचा गुरुदेव सेवा मंडळातला दादाच वाजवायला येतो, शब्द त्याला पाठ आहेत. काही मंडळ्यांत हळद बंद केलीय. आमच्या मोठ्या आईचा त्यावर एकच सवाल, "हयद शेतात पिकते का देवळात?"

मंगळसूत्र असतं, मध्ये वाट्यांऐवजी लहानसा सोन्याचा क्रूस. साडी वहिनीनं पांढरी नेसली, बारीक लाल काठाची. काठ तिच्या आजीच्या हट्टापायी, निव्वळ पांढरं नेसून नात मांडवात उभी राहणं तिला बघवेना. डोक्यावर जाळीचा पदर. अक्षता आम्ही टाकत नाही, फुलांच्या पाकळ्या टाकतो. पण अर्धं गाव सवयीनं मुठीत तांदूळ घेऊन आलेलं. शपथा झाल्या आणि मागून कुणीतरी "शुभमंगल"च म्हणालं, तांदूळ पडले. पाळकांनी एक क्षण वर बघितलं आणि पुढचं वाचायला लागले. रात्री आम्ही झाडत होतो तर पाकळ्यांपेक्षा तांदूळ जास्त.

कागदोपत्री

वकील म्हणून दोन ओळी. पाळकांनी क्रम फिरवला ते अगदी योग्य. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा, कलम १० मध्ये सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही वेळ आहे. बिशपच्या खास परवान्याने काहींना सूट मिळते, पण गावच्या परवानाधारक पाळकाला सहसा ती नसते. जाणूनबुजून वेळेबाहेर किंवा दोन साक्षीदारांशिवाय लग्न लावलं तर कलम ६९ खाली लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पंक्चर बसची, आणि कैद पाळकाला. ते दारात घड्याळ बघत उभे होते याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बापा! म्हून आमच्या गावचे पास्टर लग्नात येवढे चिडचिड करतेत का? आमाले वाटे भूक लागली असन.

नगरकर_मावशी

तुमच्या बाबांनी चाळीस वर्षं काढली हे वाचून रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, तेव्हापासून १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा होईपर्यंत दोनएक वर्षांची उलघाल. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर आणखी पाच वर्षं लागली, १९००. एकाच घरात दोघांची घड्याळं वेगळी. आमच्या नगरला अजून जुनी माणसं त्यांची गोष्ट अशी सांगतात की जणू शेजारच्या आळीत घडली.

एक विचारू? बाबा गाताना अडखळत नाहीत म्हणता, मग साक्ष भजनातून का नाही दिली? आमच्याकडे कीर्तनातून साक्ष देणारे होते की.

पूर्णाकाठ

मावशी, हे मीच सुचवलं होतं. मला फार छान कल्पना सुचल्यासारखं वाटलं होतं. बाबा म्हणाले, गाण्याच्या आड इतकी वर्षं बसलोच होतो.

एक_प्रवासी

वरची माझी कमेंट जरा कडक झाली. साक्षीचं वाक्य मी पत्नीला वाचून दाखवलं. असो.

खारपाण_गडी

मी अंजनगावकडचा. मूळ प्रश्न राहूनच गेला. वरण शिजलं का?

पूर्णाकाठ

शिजलं! टँकरचं सगळं गोडं पाणी आचाऱ्यानं ताब्यात घेतलं आणि पिंपांवर स्वतःचा पोरगा बसवला. पण भात लावताना कुणीतरी गडबडीत बोअरची बादली ओतली, शेवटच्या दोन पंगतींचा भात किंचित खारट झाला. आचाऱ्यानं वरणात मीठ कमी टाकून जमवलं. पुसदच्या पाहुण्यांना कळलंच नाही, एक मामा तर भाताची चव विचारत होते.

वसईचा_दर्या

आणि प्रभुभोजनाचं काय झालं? ज्याच्यासाठी एवढं केलं ते तुम्ही लिहिलंच नाही.

पूर्णाकाठ

टाळलं होतं, लिहिताना हात थांबला म्हणून. सांगते.

सह्या, प्रवचन, सगळं होऊन तबक पुढे आलं. नवरा-नवरीनं घेतलं. व्याही-विहीणबाईंनी घेतलं. मग पहिल्या बाकावर आई-बाबा. एरवी बायका एका बाजूला, माणसं एका बाजूला असतात, त्या दिवशी नवरदेवाचे आईबाप म्हणून दोघं शेजारी होते. तबक बाबांच्या हातात आलं आणि बाबांनी ते न बघता आईकडे सरकवलं. सवय. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आईनं तबक घेतलंच नाही. दोन्ही हात मांडीवर तसेच. पाळक थांबले, पेटीवर बसलेला माझा चुलतभाऊ थांबला. बाबांनी मान वळवून आईकडे बघितलं, ती समोर भिंतीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुमचं हाये."

बाबांनी घेतलं. मग तिनं.